कोंबड्यांना खुणा करताना या चुका टाळा

कडकनाथ पाळणाऱ्याला विचारा, "यातली कोणती अंडी देत नाही?" तो आधी कोंबड्यांकडे पाहील, मग आभाळाकडे. सगळ्याच काळ्या. नागपूरजवळ हिंगण्याकडे माझं चाळीसेक कोंबड्यांचं खुराडं आहे. खुणा करण्यात मी जेवढा घोळ घातला, तेवढा दुसऱ्या कशात घातला नसेल.

सगळ्यात महागात पडतं ते एकदा बांधून विसरणं. दोन महिन्यांच्या एका तलंगेच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीच्या) पायाला मी केबल टाय बांधला, करंगळीचं टोक जाईल एवढी जागा ठेवून. तीन आठवड्यांनी ती लंगडायला लागली. मला वाटलं, पाय मुरगळला असेल. पकडून पाहिलं तर टाय खवल्यांत रुतलेला, खालचा पाय सुजून गरम. पोहे भिजतील एवढा वेळ पाय कोमट पाण्यात धरला, तेव्हा कुठे बारीक कटरचं टोक आत शिरलं. वाढत्या पिल्लाच्या पायाची नळी जाड होत जाते, टाय मात्र सैल होत नाही. म्हणून पिल्लांना प्लॅस्टिकची गुंडाळी रिंग घाला, दर आठवड्याला बघा आणि वाढीप्रमाणे मोठी चढवा. रिंग नळीवर वरखाली सरकली पाहिजे, गोल फिरली पाहिजे, पण पंजावरून निघता कामा नये. आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीसारख्या भारी कोंबडीला 16 मिमीची बसते. सडपातळ गावठीच्या पायातून तीच निसटते. कोंबड्याच्या पायामागे काटा फुटतो, त्यात रिंग अडकते का तेही बघत राहा. रिंगखाली खवले उचललेले, खरखरीत दिसले तर रिंग काढा. तिथे पायाची खरूज करणारे किडे असू शकतात.

मग रंग. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात लाल रिंग गुलाबी होते आणि प्लॅस्टिक तडकतं. निळी आणि हिरवी संध्याकाळी ओळखू येत नाहीत. कडकनाथच्या काळ्या पायावर दोन्ही दिसेनाशा होतात, तिथे पिवळी किंवा पांढरीच घ्या.

डावा-उजवा हा घोळ तर भल्याभल्यांचा होतो. कोंबडी उलटी धरली की आपला हात आणि तिचा पाय यांचा हिशेब चुकतो. कोंबडी आपल्याकडे पाठ करून उभी असताना जो उजवा, तोच उजवा. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाची खूण तुमच्याशी जुळेल.

लसीच्या दिवशी कोणाला सुई दिली हे कळावं म्हणून पिसांवर रंग लावायला हरकत नाही, पण लाल नको. लाल दिसलं की बाकीच्या चोच मारतात आणि रक्त आलं तर थांबतच नाहीत. जखमेवर लावायचं जांभळं औषध, जेंशन व्हायोलेट, बरं. मात्र पिसं झडली की खूणही गेली, म्हणून ते तेवढ्यापुरतंच.

एका दिवसाच्या पिल्लांच्या बोटांमधल्या पातळ कातड्याला भोक पाडायची पद्धत जुनी आणि कायमची आहे. दोन पायांना मिळून चार जागा, म्हणजे कुठे भोक आहे आणि कुठे नाही यावरून 16 वेगवेगळ्या खुणा. चूक एकच होते: कातड्याचा तुकडा लोंबत राहतो आणि भोक पुन्हा बुजतं. तुकडा पूर्ण निघाला पाहिजे. पंखाच्या घडीतल्या कातड्यात धातूचा बिल्ला लावायचा असेल, तर पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून बघून शिका. स्नायूत घुसवला की पंख कामातून गेला.

अंडी देणारी शोधायला रिंग पुरत नाही. खाण्याचा रंग अंडं येतं त्या जागी हलकेच लावा, कवचावर रेघ उमटते. एका वेळी एकच कोंबडी, एकच रंग. मी उत्साहात तिघींना तीन रंग लावले. त्या एकमेकींना घासून बसल्या आणि अंडी होळीतली निघाली.

रिंग पडतेच, म्हणून दोन्ही पायांत एकेक घाला. खुराड्यात सापडलेली रिंग फेकू नका, दाराच्या तारेला अडकवून ठेवा. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की मंद टॉर्चने पाय बघत जा. तेव्हा त्या पळत नाहीत आणि कोणाचा पाय रिकामा आहे ते दोन मिनिटांत कळतं.