झिजलेल्या आर्केड कंट्रोल पॅनेलवर नवा ओव्हरले कसा बसवावा

आर्केड मशीनचं कंट्रोल पॅनेल सगळीकडे सारखं झिजत नाही. १९८० च्या पॅक-मॅनला एकच जॉयस्टिक आहे, मारायचं किंवा उडी मारायचं बटण नाहीच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात मोकळा राहतो आणि तो डाव्या कडेला धरतो. म्हणून जुन्या पॅक-मॅनचा डावीकडचा रंग आधी उडतो. आपल्याकडे ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्समध्ये (कॅपकॉम, १९९३) मारायचं बटण सतत दाबावं लागतं, त्यामुळे त्याच्या आजूबाजूची छपाई आधी जाते. जॉयस्टिकभोवतीचं गोल पांढुरकं कडं, पुढच्या कडेवर तळहाताने घासलेला पट्टा, सिगारेटचे करपलेले डाग या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. ते कारण तसंच ठेवून वर नवं स्टिकर लावलं, तर तेही त्याच जागी झिजतं.

इथे सांगितलेली पद्धत वाकवलेल्या लोखंडी पत्र्याच्या पॅनेलसाठी आहे, ज्यावर छापील ओव्हरले, म्हणजे पॅनेलभर पसरलेलं चित्रांचं स्टिकर, चिकटवलेला असतो. प्लायवुडच्या पॅनेलमध्ये काय बदलतं ते शेवटी दिलं आहे. हातांचं काम एक-दीड दिवसाचं आहे, पण वाळण्याचा वेळ धरून आठवडा हाताशी ठेवा.

लागणारं सामान

हीट गन किंवा जोरदार हेअर ड्रायर, प्लास्टिकचा स्क्रॅपर, टर्पेंटाइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉलिश पेपर (८०, १२०, २२० आणि पाण्यात घासायचा ४००), गंज काढायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण, गॅरेजमध्ये वापरतात ती दोन भागांची पुट्टी, मेटल प्रायमर, सॅटिन काळा स्प्रे, मास्किंग टेप, फेल्ट लावलेली स्क्वीजी (स्टिकर दाबून बसवायची पट्टी), कटर आणि त्याची भरपूर नवी पाती. रबरी हातमोजे आणि मास्क हवेतच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासा.

मशीनपासून पॅनेल वेगळं करणं

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. पॅनेलच्या बटणांच्या वायरींमध्ये साधारण ५ व्होल्टचा सिग्नल असतो, त्यांचा धोका नाही. धोका मागच्या पिक्चर ट्यूबचा आहे. तिच्यात प्लग काढल्यावरही काही हजार व्होल्टचा भार टिकून राहतो. पॅनेल सोडवताना हात त्या बाजूला जाऊ देऊ नका.

आता पॅनेल उलटं करून प्रत्येक स्विचचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला टेपची चिठ्ठी लावा: ‘१-वर’, ‘१-खाली’, ‘१-मार’. सगळ्या स्विचना जोडत जाणारी एक सामाईक ग्राउंडची वायर असते. ती सलग ठेवा, मध्ये कापू नका. परत जोडताना ती एका जागी सुटली की पुढची सगळी बटणं एकदम मेलेली दिसतात, आणि दोष खेळाच्या सर्किट बोर्डाचा आहे असं वाटत राहतं.

जुना ओव्हरले काढायच्या आधी त्याची नोंद

ही पायरी घाईत सुटते आणि नंतर भरून काढता येत नाही. गरम करून ओढलेला ओव्हरले ताणला जातो, फाटतो किंवा आकसतो. त्यावरून घेतलेलं माप मग चुकीचंच येतं. म्हणून स्टिकर पॅनेलवर असतानाच स्कॅन करा. सगळे बोल्ट आणि बटणं काढल्यावर पॅनेल स्कॅनरच्या काचेवर उपडं ठेवा आणि ६०० डीपीआयवर तुकड्या-तुकड्यांनी घ्या. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर ३-४ सेंटिमीटर यायला हवा. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, म्हणजे जोडताना प्रमाण तपासता येतं.

भोकांच्या जागांसाठी बटर पेपर पॅनेलवर ताणून चिकटवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. प्रत्येक भोकाची कड काळ्या रेषेत उमटते. हा कागद जपून ठेवा, छपाईच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

रंग कुठून घ्यायचा? उघड्या भागातला रंग उन्हाने आणि हातांनी फिका पडलेला असतो. बटण काढल्यावर त्याच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटरचं एक वलय दिसतं, जिथे प्रकाशही पोचला नाही आणि बोटही. तिथला लाल, तिथला निळा हाच कारखान्यातून आलेला रंग. छापणाऱ्याला दाखवायचा नमुना तोच.

लोकप्रिय खेळांचे तयार ओव्हरले परदेशात विकत मिळतात. आपल्याला छापून घ्यायचा असेल तर एमआयडीसीच्या भागात मशीनच्या नेमप्लेट आणि मेंब्रेन कीपॅड करणारे स्क्रीन प्रिंटर गाठा. त्यांना सांगा: पाव मिलिमीटर पॉलिकार्बोनेट, वरची बाजू मॅट किंवा दाणेदार, छपाई मागच्या बाजूने उलटी, छपाईच्या मागे पांढऱ्याचा थर, त्यामागे चिकट थर. मागून छापल्यामुळे खेळणाऱ्याचं बोट शाईला कधी लागतच नाही, ते प्लास्टिकवर घासतं. पांढरा थर विसरला तर पत्र्याचा काळा रंग आतून डोकावतो आणि पिवळा हिरवट दिसू लागतो. साध्या व्हिनाइलवर वरून छापलेलं आणि लॅमिनेशन केलेलं स्टिकर स्वस्त पडतं, पण लॅमिनेशन पुढच्या कडेवर आधी सुटतं. शक्य असेल तर पॉलिकार्बोनेटच घ्या. अंतिम छपाईआधी साध्या कागदावर पूर्ण मापाची प्रत काढून बटर पेपरशी जुळवा.

स्टिकर आणि गोंद काढणं

एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. हीट गन १०-१५ सेंटिमीटर लांब धरून हलती ठेवा. पत्रा हाताला सोसेल-न सोसेल इतका तापला की कोपरा उचला आणि हळूहळू, पृष्ठभागाशी अगदी लहान कोन ठेवून मागे ओढा. सरळ वर ओढलं की वरचं प्लास्टिक हातात येतं आणि गोंद सगळा पत्र्यावर राहतो. फार तापवलं तर प्लास्टिक वितळून धूर येतो. खिडकी उघडी ठेवा.

गोंद तरी थोडा राहतोच. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला टिश्यू त्यावर पसरा, वर प्लास्टिकची पिशवी झाका आणि १५-२० मिनिटं हातही लावू नका. गोंद फुगून दह्यासारखा होतो आणि स्क्रॅपरने एका ओढीत निघतो. न थांबता घासत बसलं तर तो नुसता पसरतो. शेवटी अल्कोहोलने दोनदा पुसा. टर्पेंटाइनचा तेलकट अंश राहिला तर त्यावर प्रायमरही धरत नाही.

पत्रा दुरुस्त करणं

घाम आणि सांडलेली थंड पेयं ओव्हरलेखाली झिरपतात, त्यामुळे गंज बहुतेक भोकांच्या कडेने आणि पुढच्या वाकाच्या आत सापडतो. सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढा, द्रावण लावा, डब्यावर लिहिलेला वेळ द्या, पाण्याने धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. पावसाळ्यात ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. त्या दिवसांत हे काम आणि प्रायमरचा पहिला हात एकाच दिवशी उरका.

मशीनमध्ये नंतर दुसरा खेळ घातलेला असेल तर पॅनेलला जादा भोकं पाडलेली असतात. ती वेल्डिंगने भरणं सगळ्यात उत्तम. वेल्डिंग जमत नसेल तर मागून पत्र्याचा तुकडा इपॉक्सीने चिकटवा आणि वरची खोलगट जागा पुट्टीने भरा. रंगारी जिला लांबी म्हणतात तीच ही, फक्त धातूसाठीची. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम पुट्टीला १ ग्रॅम. जास्त घातला तर ती ठिसूळ होते, कमी घातला तर चिकटच राहते. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, कारण काही मिनिटांतच ती घट्ट व्हायला लागते. अर्ध्या-पाऊण तासाने ८० ने, मग १२० ने, मग २२० ने घासा.

एक इशारा: पावडर कोटिंग करून घ्यायचं ठरवलं असेल तर पुट्टी वापरू नका. भट्टीचं तापमान २०० अंशांच्या आसपास असतं, त्यात साधी पुट्टी सुटते आणि फुगे येतात.

सपाटपणा तपासायला खोलीतला दिवा मालवून टॉर्च पॅनेलच्या अगदी लगत आडवा धरा. प्रत्येक खळगा आणि उंचवटा सावली टाकतो. मग डोळे मिटून बोटं फिरवा. पाव मिलिमीटरचं प्लास्टिक खालचं काहीही लपवत नाही. वाळूचा एक कणसुद्धा चकाकत्या ओव्हरलेवर पुळीसारखा वर येतो, आणि त्या पुळीवरच पुढची झीज सुरू होते. इथे वाटलं त्यापेक्षा एक तास जास्त द्या.

रंग

प्रायमरचे दोन पातळ हात द्या, मध्ये १५ मिनिटं सोडा. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरने पाणी लावून घासा. मग सॅटिन काळ्याचे दोन-तीन पातळ हात. दमट दिवशी स्प्रे पांढुरका पडतो, म्हणून भर पावसात रंगवू नका.

त्यानंतर किमान तीन दिवस थांबा, इनॅमल असेल तर आठवडा. वरून कोरडा लागणारा रंग आतून सॉल्व्हंट सोडतच असतो. वर ओव्हरले बसला की त्या वाफेला वाट उरत नाही आणि महिन्याभराने स्टिकरखाली बारीक फोड दिसू लागतात. ते कितीही दाबले तरी जात नाहीत.

ओव्हरले चिकटवणं

पॅनेल अल्कोहोलने पुसा, पंखा बंद करा. नवा ओव्हरले मागचा कागद न काढता पॅनेलवर ठेवा आणि भोकांतून खालून टॉर्च मारून जुळवा. जुळला की मधोमध उभी मास्किंग टेप लावा, ही झाली बिजागरी. डावी बाजू उचला, मागचा कागद टेपपर्यंत सोलून कापा आणि मधून कडेकडे स्क्वीजी फिरवत बाजू खाली आणा. प्लास्टिक पुढे पत्र्याला आधी टेकू देऊ नका, स्क्वीजी जिथे पोचली तिथेच चिकटलं पाहिजे. मग टेप काढून उजवी बाजू. साबणाच्या पाण्याची ओली पद्धत इथे टाळा. काचेवरच्या फिल्मला ती चालते, पण पत्रा आणि पॉलिकार्बोनेट यांच्यात अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसते.

पुढच्या वाकाला हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या आणि हाताच्या तळव्याने सावकाश खाली दाबा. पॉलिकार्बोनेट पुन्हा सरळ व्हायला बघतं, म्हणून कडेवर लाकडाची पट्टी ठेवून क्लॅम्प लावा आणि रात्रभर सोडा. ओव्हरलेमागच्या ॲक्रिलिक गोंदाची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. थंडीत, १० अंशांखाली, तो धरतच नाही.

भोकं कापताना मध्यावर फुली मारा, मग नव्या पात्याने भोकाच्या कडेला टेकून गोल फिरवा. काप एकसंध गोल हवा. कडेला एक खाच राहिली तरी तिथूनच चीर सुरू होते. दोन भोकांमागे एक पातं बदला. पॉलिकार्बोनेटवर थिनर, ॲसिटोन किंवा बोल्ट घट्ट करायचं लॉकिंग लिक्विड लागू देऊ नका, त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं.

जॉयस्टिक आणि बटणं परत बसवताना

जॉयस्टिकभोवतीचं ते गोल कडं आठवा. दांड्यावरची धुळीची चकती आणि ओव्हरले यांच्यात वाळूचे कण अडकतात आणि प्रत्येक हालचालीला घासतात. चकती आणि दांडा धुवून स्वच्छ करा. पॅनेलच्या खाली जागा असेल तर चकती खालच्या बाजूला बसवा, वरची झीज थांबते. दांडा फिरतो त्या खोबणीत पांढऱ्या ग्रीसचा मुगाएवढा ठिपका पुरे. जपानी बनावटीच्या जॉयस्टिकचा गोळा काढायला दांड्याच्या खालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर धरा आणि गोळा डावीकडे फिरवा.

बटणं साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. ओरखडे असतील तर १५०० आणि मग २००० च्या पेपरने पाण्यात घासून प्लास्टिक पॉलिश करा. आत तेल घालू नका, ते धूळ धरतं. जुन्या पट्टीच्या स्विचचे (धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकून चालणारे) संपर्क घासायचे नाहीत, कारण त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी मध्ये धरून दोनदा ओढा. काळी रेघ कागदावर येते. पट्ट्यांमधलं अंतर साधारण दीड मिलिमीटर ठेवा.

बटणाची चाकी हाताने घट्ट करा आणि वर जेमतेम पाव वळसा. पान्याने आवळलं की बटणाची कड ओव्हरलेला फिरवत नेते आणि त्याला सुरकुती पडते.

पॅनेल प्लायवुडचं असेल तर

सनमायका गेलेला असेल तर तो पूर्ण काढा. जादा भोकं त्याच जाडीच्या प्लायच्या गोल तुकड्याने, लाकडाच्या गोंदात बसवून भरा. नुसती पुट्टी भरली तर बटणं आपटून आपटून ती सुटते. नवा १ मिलिमीटरचा सनमायका लावा आणि ओव्हरले त्यावर. दाणेदार सनमायका नको, गुळगुळीतच घ्या, नाहीतर चिकट थराला फक्त दाण्यांची टोकं सापडतात. भोकं ड्रिलने पाडण्याआधी वरून मास्किंग टेप लावा, सनमायकाची कड टवका जाण्यापासून वाचते.

वायरी जोडल्यावर मशीन टेस्ट मोडमध्ये चालू करा आणि चिठ्ठ्या काढायच्या आधी प्रत्येक दिशा, प्रत्येक बटण एकेक करून दाबून बघा.