युद्धाधिकार कायद्याविषयी लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी कुठे सैन्य धाडले, की दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मजकुरात ठरलेले वाक्य हजर असते : १९७३च्या कायद्यानुसार त्यांना ६० दिवस युद्धाची मुभा आहे. परदेशी बातम्यांचे पान लावताना मी ते किती वेळा खोडले, याची गणतीच नाही. हा कायदा मुभा देत नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो केला, तो लगाम म्हणून. राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला अहवाल द्यायचा आणि तिची संमती न मिळाल्यास ६० दिवसांत, सुरक्षित माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवसांत, कारवाई थांबवायची.

तरीही २०११मध्ये मी स्वतः तोंडघशी पडलो. ओबामांचा लिबियातल्या हवाई हल्ल्यांविषयीचा अहवाल २१ मार्चचा होता. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि ‘२० मेनंतर अमेरिकी विमाने माघारी’ हा मथळा छापायला सोडला. विमाने उडतच राहिली. जमिनीवर सैनिक नाहीत, समोरासमोर सतत चकमकी नाहीत, म्हणून ही कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई नव्हेच, असा युक्तिवाद सरकारने जूनमध्ये केला. ‘विमाने परतली का हो?’ एवढेच लिहिलेले एका वाचकाचे पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तेव्हापासून मी दिवस मोजण्याआधी मूळ अहवाल वाचतो. त्यात ‘कायद्यानुसार’ लिहिले आहे की ‘कायद्याशी सुसंगत’, हे पाहतो. राष्ट्राध्यक्ष सहसा दुसरा शब्द निवडतात, कारण त्यामुळे ६० दिवसांची गणती सुरू झाल्याची कबुली द्यावी लागत नाही. ती सुरू करणारे कलम फोर्ड यांनी १९७५च्या मायाग्वेझ प्रकरणात (कंबोडियाने पकडलेले अमेरिकी मालवाहू जहाज) उघड नमूद केले, तो अपवाद. पण नवशिक्यांना दोन पानी पत्र वाचण्याचाही कंटाळा. वृत्तसंस्थेचा तिसरा परिच्छेद उचलला की यांचे काम झाले.

‘युद्ध पुकारले’ हे शब्द जपून वापरावेत. अमेरिकेने रीतसर युद्ध शेवटचे पुकारले ते १९४२मध्ये. २००१ आणि २००२मध्ये काँग्रेसने दिली ती बळ वापरण्याची संमती, युद्धाची घोषणा नव्हे : २००१ची ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागच्यांविरुद्ध होती, २००२ची इराकसंबंधी. मथळ्यात नुसते ‘काँग्रेस’ लिहू नये, नाहीतर वाचक दिल्लीकडे पाहतो.

आणि काँग्रेसने ठराव केला म्हणजे सैन्य परतले, असेही धरू नये. येमेनमधल्या युद्धातून अमेरिकी सैन्य काढून घेण्याचा ठराव २०१९मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, ट्रम्प यांनी तो नाकारला, आणि तो नकार मोडण्यासाठी सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ मते पडली. लागतात दोन तृतीयांश.