कलम १८ नंतर कलम १९ही वाचावे

विधी पदवीच्या शेवटच्या वर्षी मी पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यावरच्या, म्हणजे युद्धातल्या वागणुकीचे नियम ठरवणाऱ्या कायद्यावरच्या, मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सराव-न्यायालयात) उभी राहिले, तेव्हा माझ्या युक्तिवादाचे पहिलेच वाक्य असे होते की, रुग्णालयावर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करता येत नाही. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "हे कुठे म्हटले आहे?" मी युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम १८ सांगितले. "आणि त्याच्या पुढचे कलम?" ते मी वाचलेच नव्हते. कोल्हापुरातून निघालेल्या रात्रीच्या एसटीत पाठ केलेली बारा पाने तिथल्या तिथे निरुपयोगी झाली. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पाऊल याच ठिकाणी घसरते, म्हणून सुरुवात इथूनच करते.

१९४९ च्या चौथ्या करारातील कलम १८ नागरी रुग्णालयांवरील हल्ल्याला मनाई करते. कलम १९ हे संरक्षण कधी संपते ते सांगते: रुग्णालयाचा वापर त्याच्या मानवतावादी कार्याबाहेर जाऊन शत्रूला हानिकारक अशा कृत्यासाठी होत असेल, तर. पण तेवढ्यानेही ते आपोआप संपत नाही. आधी रीतसर इशारा द्यावा लागतो, शक्य त्या सर्व प्रसंगी वाजवी मुदत द्यावी लागते, आणि इशारा धुडकावला गेला तरच पुढचा विचार करता येतो. धडधाकट सैनिकांना लपवणे, दारूगोळ्याचे कोठार करणे किंवा छतावर टेहळणीचे ठाणे उभारणे ही हानिकारक कृत्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. उलट जखमी सैनिकांवर उपचार करणे, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली आणि अजून संबंधित खात्याकडे जमा न केलेली लहान शस्त्रे आवारात असणे, हे हानिकारक कृत्य नाही, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. ‘तिथे बंदुका सापडल्या’ एवढ्या बातमीवर निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. शिवाय इमारतीचे संरक्षण गेले म्हणून आतल्या रुग्णांचे आणि परिचारिकांचे जात नाही. त्यांना होणारी हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत अवाजवी ठरणार असेल, तर हल्ला तरीही बेकायदेशीरच ठरतो.

एवढे समजल्यावर मला वाटले होते की, विषय हाती लागला. एलएलएमच्या लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण मार्गदर्शक बाईंकडे घेऊन गेले, तेव्हा सीपीआर रुग्णालयासमोरच्या टपरीवर चहा घेताघेता त्यांनी माझ्या कागदावर एकच प्रश्न पेन्सिलीने लिहिला: ‘संघर्ष कोणत्या प्रकारचा?’ प्रकरण कुंदूझचे होते. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने मारा केला आणि त्यात ४२ जण मृत्युमुखी पडले. मी पानभर कलम १८ लिहिले होते. परंतु तेथील लढाई दोन राष्ट्रांमधली नव्हती; एका बाजूला अफगाण सरकार व त्याचे मित्रदेश आणि दुसऱ्या बाजूला तालिबान असा तो संघर्ष असल्यामुळे चारही करारांत समान असलेले कलम ३ वगळता त्या करारांतील इतर कलमे थेट लागूच होत नव्हती. अंतर्गत संघर्षांसाठी १९७७ चा दुसरा अतिरिक्त प्रोटोकॉल (जिनिव्हा करारांना जोडलेला पूरक करार) आहे, पण अमेरिका त्याची पक्षकार नाही. मग उरतो तो रूढ कायदा, म्हणजे राष्ट्रांच्या प्रस्थापित प्रथेतून बंधनकारक झालेला कायदा, ज्याचे १६१ नियम आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २००५ च्या अभ्यासात मांडले आणि ज्यात वैद्यकीय पथकांचे व रुग्णालयांचे संरक्षण दोन्ही प्रकारच्या संघर्षांना लागू आहे. निष्कर्ष जवळजवळ तोच, पण वाट अगदी वेगळी. परीक्षकाचे आणि न्यायालयाचे लक्ष त्या वाटेवरच असते.

कुंदूझच्या प्रकरणात आणखी एक गाठ आहे. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने आधीच कळवले होते. अमेरिकी लष्कराच्या चौकशीने लक्ष्य ओळखण्यात चूक झाल्याचे मान्य केले, १६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, पण कृत्य हेतुपुरस्सर नसल्याने तो युद्धगुन्हा नाही, असे म्हटले. संस्थेने मात्र स्वतंत्र चौकशीची मागणी लावून धरली. माझ्या मते नवशिक्याने सगळी ताकद इथे लावावी, कारण लक्ष्याची खातरजमा करण्याच्या कर्तव्यात किती हयगय झाली की तिला ‘हेतू’ म्हणायचे, हा प्रश्न अजून खरोखर वादाचा आहे. संतापाची विशेषणे तिथे कामाला येत नाहीत. (माझ्या पहिल्या मसुद्यात ‘अमानुष’ हा शब्द सतरा वेळा होता, बाईंनी मोजला होता.)

भारताची स्थितीही आधीच पक्की करून घ्यावी. आपण चारही जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले, परंतु १९७७ च्या दोन्ही प्रोटोकॉलचे आपण पक्षकार नाही. त्यामुळे भारताविषयी लिहिताना पहिल्या प्रोटोकॉलचे कलम ५१ (नागरिकांचे संरक्षण) किंवा ५७ (हल्ल्यापूर्वीची खबरदारी) थेट लावू नये. तेच तत्त्व रूढ कायद्यातून दाखवावे. करारांना देशांतर्गत बळ देणारा आपला कायदा १९६० चा आहे, आणि तो घरापर्यंत कसा पोहोचतो हे मला राजारामपुरीतल्या डॉक्टर काकांच्या पाटीने शिकवले. पाटीवर ठसठशीत लाल क्रॉस होता. युद्धात ज्या चिन्हाकडे पाहून तोफ थांबावी, ते सरकारच्या परवानगीशिवाय वापरणे या कायद्याने दंडनीय आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी दंड किती ते विचारले. पाचशे रुपयांपर्यंत, मी म्हणाले. "अगं, पाचशे रुपयांसाठी पाटी रंगवून घेऊ होय?" दिवाळीत मात्र क्रॉस हिरवा झाला होता, पेंटरने लालावरच हिरवा मारल्यामुळे कडेला तांबूस रेघ राहिली आहे.

पोटापाण्याचे बोलायचे तर, निव्वळ या विषयावर चालणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. नेट देऊन अध्यापन, सैन्याच्या जज अॅडव्होकेट जनरल शाखेत, म्हणजे कायदा विभागात, विधी पदवीधरांसाठी असलेली भरती, मदतसंस्थांमधील काम, एवढ्याच ठळक वाटा. दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचे पदविका अभ्यासक्रम उपयोगी आहेत. करारांवरील रेडक्रॉस समितीची भाष्ये मोफत वाचता येतात आणि महागड्या गाईडपेक्षा कितीतरी सरस आहेत.

लघुप्रबंधाला विषय सुचत नसेल तर कोल्हापूरकराने जवळच्याच वळिवडे गावी जाऊन यावे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. त्यांची आठवण सांगणारा स्तंभ महावीर उद्यानात आहे. सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून दूर नेलेली ही माणसे जेव्हा इथवर पोहोचली, तेव्हा केवळ नागरिकांच्या संरक्षणासाठी असा एकही जिनिव्हा करार अस्तित्वात नव्हता, आणि व्याप्त प्रदेशातून सक्तीने हलवण्याला मनाई करणारे चौथ्या कराराचे कलम ४९ त्यानंतर १९४९ मध्ये आले. छावणीतल्या माणसांना तेव्हा नेमका कोणता कायदेशीर दर्जा होता, यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले माझ्या वाचनात नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने यंदा तोच विषय घेतला असून सध्या ती आठवणींची पोलिश पाने शब्दकोश घेऊन लावत बसली आहे.