सीजे-३बी जीपचे व्हील स्टड बदलण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेतील टोलेडो येथे १९५३ ते १९६८ या काळात तयार झालेली आणि महिंद्राने परवान्याखाली भारतात त्यानंतरही अनेक वर्षे बनवलेली सीजे-३बी, म्हणजे आपल्याकडची हाय-बोनेट जीप, ज्यांनी जपून ठेवली आहे त्यांच्यासमोर तुटलेल्या किंवा आटे गेलेल्या व्हील स्टडचा, म्हणजे चाक नटाने जोडण्यासाठीच्या आटेदार दांड्याचा, प्रश्न कधी ना कधी येतोच. स्टड किरकोळ किमतीचा असतो, पण तो घाईने ठोकून काढताना हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचे, भोक बिघडले तर नवा हब शोधत फिरावे लागते. त्यामुळे या कामाची बरीचशी तयारी गाडी जॅकवर चढण्याआधीच पूर्ण व्हायला हवी.

सर्वप्रथम आट्यांची दिशा तपासावी. या जीपच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना मूळचे उलटे आटे असतात, म्हणजे तेथील नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सैल होतो. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर करतो आणि स्टड मोडतो. डाव्या बाजूच्या तुटलेल्या स्टडमागे हेच कारण आहे का, हे आधी पाहावे. स्टडचे तोंड तारेच्या ब्रशने घासल्यावर त्यावर ‘एल’ हे अक्षर दिसू शकते. ते न दिसल्यास स्टड उभा धरल्याची कल्पना करून आटे कोणीकडे चढतात ते पाहावे. उजवीकडे चढणारे सरळ, डावीकडे चढणारे उलटे. अमेरिकी पुस्तके वाचणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे, कारण त्यांच्या दृष्टीने ड्रायव्हरची बाजू म्हणजे डावी बाजू आणि आपली जीप उजव्या हाताच्या स्टिअरिंगचीही असू शकते. शिवाय इतक्या वर्षांत कोणी हब बदललेला असू शकतो, म्हणून चारही चाके स्वतः पाहून कागदावर नोंद करावी.

त्यानंतर खरेदी. मूळ स्टड चार सुती, म्हणजे अर्धा इंच व्यासाचा, आणि इंचाला २० आट्यांचा असतो. बारा मिलिमीटरचा मेट्रिक स्टड नजरेला तसाच वाटला तरी तो चालत नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट डोके घासून बसवण्याचा सल्ला तर कोणी दिला तरी ऐकू नये. जुना नमुना सोबत नेऊन व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या मोजपट्टीने) दातेरी भागाचा व्यास, खांद्याची लांबी आणि एकूण लांबी जुळवावी. एक स्टड तुटला असेल तर त्याचा भार शेजाऱ्यांनी सोसलेला असतो, म्हणून त्या चाकाचे पाचही स्टड आणि नट एकदमच घेणे मला योग्य वाटते. नटाचे तोंड चाकाच्या भोकात नीट बसणारे, निमुळते असावे. चाकाची भोके लंबगोल झाली असतील तर नवे स्टडही टिकणार नाहीत; तसे चाक बाजूला काढावे.

सर्वांत नाजूक भाग आहे लेथचा. मूळ रचनेत स्टड ब्रेकचा ड्रम आणि हब या दोहोंतून जातो आणि त्याचा खांदा पसरवून ड्रम पक्का केलेला असतो. हा पसरलेला भाग कापल्याशिवाय स्टड प्रेसखाली ढकलला, तर तो जाता जाता भोक मोठे करतो आणि नवा स्टड त्यात नटाबरोबर नुसता फिरत राहतो. म्हणून लेथवाल्याला ही गोष्ट आधीच समजावून सांगावी, शक्य असल्यास समोर उभे राहावे. नवा स्टड पुन्हा पसरवायचा की ड्रम यापुढे सुटा ठेवायचा, हेही तेथेच ठरवावे. हबचा फ्लँज, म्हणजे स्टड बसतात ती चपटी कडा, प्रेसवर नीट टेकलेला असावा आणि ड्रम जोडल्यावर तो वाकडा फिरत नाही ना, हे लेथवरच पाहून घ्यावे.

मागचा हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो, त्यामुळे हब ओढून काढणारा चांगला पुलर उसना आणावा; एक्सलचा नट सैल करून काही आट्यांवर राहू द्यावा, नाहीतर हब सुटताना अंगावर येतो. पुढच्या हबसाठी बेअरिंगच्या नटाचा मोठा बॉक्स पाना, नवे वाकवायचे वॉशर, गॅस्केट, ऑइल सील आणि ग्रीस लागेल. मागच्या बाजूला नवी कॉटर पिन विसरू नये. जॅक, भक्कम स्टँड आणि उरलेल्या चाकांना लावायचे लाकडी ठोकळे हे सांगायला नकोच.

ड्रम उघडल्यावर धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नये, कारण जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

जोडणीसाठी टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, आधीच मागून ठेवावा. या मापाच्या कोरड्या आट्यांच्या स्टडला साधारणतः ६५ ते ७५ फूट-पौंड, म्हणजे ९० ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळणी पुरते. आपल्या गाडीचे मॅन्युअल वेगळे सांगत असेल तर तोच आकडा अंतिम मानावा. आट्यांना तेल लावून हाच आकडा गाठल्यास स्टड जास्त ताणला जातो. हौशी मंडळी चाके नव्याने रंगवतात आणि नटाच्या बैठकीवर रंगाचा जाड थर राहतो. तो दबला की नट सैल पडतो, म्हणून तेवढी जागा आधीच खरवडून घ्यावी. नट एकाआड एक क्रमाने आवळावेत आणि ५० ते ८० किलोमीटर चालवून झाल्यावर, चाके थंड असताना, चारही चाकांचे नट पुन्हा तपासावेत. डावीकडे पाना कोणत्या दिशेला फिरवायचा, याची चिठ्ठी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली तर पुढच्या पंक्चरवाल्यालाही ती दाखवता येईल.