जुना व्हॅक्यूम क्लीनर घेताना: पिशवीचा की बिनपिशवीचा?

सांगलीत जुन्या बाजारात किंवा ओळखीतून असा क्लीनर मिळाला, तर माझा कौल पिशवीच्या यंत्राला. कारण आपली धूळ. हळदीची पूड किंवा कृष्णेच्या पुरानंतर वाळलेला गाळ पिठासारखा बारीक असतो. बिनपिशवीच्या यंत्रात तो फिल्टरवर बसतो, ओढ कमी होते आणि डबा रिकामा करताना निम्मी धूळ पुन्हा घरात उडते. दमेकऱ्याच्या घरात तर हे नकोच.

चक्रीवादळासारखी हवा फिरवून धूळ वेगळी करणारा डायसन कंपनीचा डीसी०१ हा बिनपिशवीचा क्लीनर १९९३ साली आला. असं यंत्र चांगल्या स्थितीत मिळालं तर पिशव्यांचा खर्च वाचतो, हे खरं. पण डब्याचं रबर कडक झालेलं किंवा फिल्टर फाटलेला असेल, तर सोडून द्या.

पिशवीच्या यंत्रात आधी पिशवी बघा. बऱ्याच जुन्या यंत्रांत पिशवीतून गाळलेली हवाच मोटार थंड ठेवते. पिशवी फाटली की धूळ मोटारीत, गच्च भरली की मोटार तापते. म्हणून दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. कागदी पिशवी मिळत नसेल तर कापडी पिशवीचं मॉडेल शोधा.

घेण्यापूर्वी हवा बाहेर पडते तिथे पांढरा ओला रुमाल मिनिटभर धरा. डाग पडला तर गळती आहे. यंत्र परदेशी असेल तर व्होल्टेजची पट्टी वाचा. ११०चं यंत्र आपल्या २३०वर लगेच जळतं.