वायनरीतल्या चोथ्यापासून सनस्क्रीनसाठी अर्क

नाशिक जिल्ह्यात साधारण जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते आणि गाळपानंतर साल, बी व थोडे देठ असा चोथा मोठ्या प्रमाणावर उरतो. द्राक्षातील पॉलिफेनॉल (वनस्पतींतील ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगे) मुख्यतः बी आणि सालीत असल्याने वाइन काढून झाल्यावरही त्यांचा मोठा भाग या चोथ्यातच राहतो. बियांतील कॅटेचिन व प्रोअँथोसायनिडिन ही पॉलिफेनॉल २८० नॅनोमीटरच्या आसपास, तर सालीतील रेस्व्हेराट्रॉल ३०६ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील किरण शोषतात. तरीही चोथ्यापासून काढलेला अर्क सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइडसारख्या मान्यताप्राप्त, ऊन अडवणाऱ्या घटकाची जागा घेऊ शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगणे मी आवश्यक समजतो. उन्हामुळे त्वचेत निर्माण होणारे मुक्त मूलक (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) शमवून तो त्या घटकाला साथ देतो, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

सर्वांत जास्त काळजी पहिल्या दिवशी घ्यावी लागते. ओला चोथा ढिगात पडून राहिला की तापतो, आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. द्राक्षांवर वाढणाऱ्या काही बुरश्या ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात व ते नंतर सहज काढून टाकता येत नाही. म्हणून चोथा प्रेसमधून निघाल्यावर काही तासांतच उचलावा, देठ वेगळे करावेत आणि ट्रे ड्रायरमध्ये पातळ थर पसरून ५० ते ५५ अंश सेल्सिअसला कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा. कडक उन्हात ताडपत्रीवर वाळवणे स्वस्त पडते, पण ज्या संयुगांसाठी हा खटाटोप करायचा तीच त्यात नासतात. वाळलेला चोथा चोळून चाळल्यास बी आणि साल वेगळी होतात.

नवख्याने बियांपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. सालीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कधर्मी मिश्रणात निळसर दिसते, त्यामुळे झिंक ऑक्साइड असलेल्या क्रीमचा रंग राखाडी-जांभळा होण्याचा धोका असतो. बियांच्या अर्काचा फिकट तपकिरी रंग सांभाळणे त्यामानाने सोपे जाते. बिया आधी घाण्यावर थंड पद्धतीने दाबून तेल काढावे. ते तेल क्रीमच्या तेलकट भागात वापरता येते आणि उरलेली पेंड अर्कासाठी उत्तम असते, कारण तेल निघाल्यावर द्रावक आत चांगला शिरतो.

पेंडीची भरड करून एक भाग भरडीला दहा भाग, ६० टक्के इथेनॉल असलेले पाणी घ्यावे आणि अधूनमधून ढवळत काही तास ठेवून गाळावे. हीच क्रिया त्याच भरडीवर पुन्हा एकदा करावी. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची असावीत, कारण लोखंडाशी संपर्क आल्यास पॉलिफेनॉल काळे पडतात. नंतर कमी दाबाखाली, ५० अंशांच्या आत, इथेनॉल उडवून ते परत जमा करावे. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते आणि आगीचाही धोका असतो, म्हणून लहान गटांनी ग्लिसरीन व पाणी यांचे मिश्रण वापरावे. असा अर्क सौम्य असतो, पण तो आटवावा लागत नाही आणि योग्य परिरक्षक घालून थेट क्रीममध्ये मिसळता येतो.

प्रत्येक खेपेचे एकूण फेनॉल फोलिन-सिओकाल्टू या रंगबदलावर आधारित प्रयोगशाळा पद्धतीने मोजावेत. २९० ते ३२० नॅनोमीटर दरम्यान दर ५ नॅनोमीटरला शोषण मोजून मन्सूर सूत्राने एसपीएफचा (उन्हापासून संरक्षणाच्या आकड्याचा) अंदाज काढता येतो, मात्र तो खेपांची आपसांत तुलना करण्यापुरताच वापरावा. वेष्टनावर छापायचा आकडा तयार क्रीमच्या आयएसओ २४४४४ या माणसांच्या त्वचेवरील प्रमाणित चाचणीतूनच यायला हवा. द्राक्षबागांत फवारणी भरपूर होते, त्यामुळे कीटकनाशकांचे अंश, जड धातू आणि सूक्ष्मजीव यांच्या चाचण्यांमध्ये काटकसर करू नये.

क्रीममध्ये अर्क अर्ध्या टक्क्यापासून सुरू करावा. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते आणि पॉलिफेनॉल अल्कधर्मी मिश्रणात लवकर ऑक्सिडाइज होतात, म्हणून आवरण दिलेले झिंक ऑक्साइड निवडून सामू (पीएच) ६.५ च्या आसपास राखावा व नमुना काही आठवडे ४० अंशांवर ठेवून रंग, वास आणि घट्टपणा तपासावा. विक्रीसाठी उत्पादन करायचे असल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना घ्यावा लागतो, आणि घरगुती क्रीम शेजाऱ्यांना विकण्यालाही हा नियम लागू होतो.