किडनीचा आजार आणि पाकिटातले मांस : या चुका टाळा

माझे थोरले बंधू अण्णा आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात आणि त्यांच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसून सोलापुरातल्या रुग्णांच्या त्याच त्या चुका मी सहा वर्षे पाहत आलो आहे. त्यांतली सर्वांत चिवट चूक म्हणजे 'मटण बंद, चिकन चालते' हा हिशेब, कारण त्यात सॉसेज, सलामी आणि नगेट्सही चिकन म्हणून बिनदिक्कत खपून जातात.

एका एप्रिलमध्ये, पारा ४२ अंशांवर असताना, दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साचणाऱ्या पाण्याने अण्णांचे वजन दोनऐवजी चार किलोने वाढू लागले. पायांवर सूज आली, रात्री धाप लागू लागली. आम्ही सर्वांनी त्यांच्या पाण्यावर पहारा बसवला. वहिनींनी तर बाटलीवर रेघा मारून ठेवल्या. एका दुपारी मी बर्फासाठी फ्रीझर उघडला, तर ट्रेच्या मागे सॉसेजची तीन पाकिटे निघाली. तहान भागवायला अण्णा ज्या कप्प्यातला बर्फ चोखत होते, तहान लावणारा पदार्थही त्याच कप्प्यात होता. पाकिटावर शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम छापलेले होते. म्हणजे २५० ग्रॅमच्या एका पाकिटात २००० मिलिग्रॅम सोडियम, अर्थात पाच ग्रॅम मीठ, आणि तेवढी तर अण्णांची दिवसभराची मर्यादा. सोडियमला अडीचने गुणून मीठ काढायची सवय मला तेव्हापासून लागली.

दुसरी चूक फॉस्फरसची, जो किडनी बिघडली की रक्तात साचतो. ताज्या मांसातला फॉस्फरस शरीर साधारण ४० ते ६० टक्के शोषते, पण पाकिटातले मांस मऊ आणि पाणीदार राहावे म्हणून घातलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे रक्तात उतरते. पोषणतक्त्यात फॉस्फरस बहुधा नसतोच, म्हणून मी खिशातल्या भिंगाने घटकांची बारीक ओळ वाचतो आणि ३३९, ४५०, ४५१ किंवा ४५२ हा फॉस्फेटचा क्रमांक दिसला की पाकीट परत ठेवतो. दुकानदार हसतो, हसू दे. अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबत घ्यायची असते. सॉसेज पचवायला झोपताना दोन जास्त घेणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

सॉसेज उकळून पाणी टाकले की थोडे मीठ उतरते, पुष्कळसे आतच राहते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते आणि पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. किडनीचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात त्या क्रिएटिनिनचा पहिला रिपोर्ट हाती येताच मोबाइलवर चित्रफीत पाहून मांस, अंडी, डाळ सगळे सोडणाऱ्या उतावळ्यांची मला अधिक काळजी वाटते. डायलिसिसची वेळ येण्यापूर्वी प्रथिने बेताने खायची असतात, डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, आणि हा फरक आहारतज्ज्ञाकडूनच समजून घ्यावा.

आमच्याकडे रविवारी अण्णांसाठी ताज्या मटणाचे चार तुकडे वेगळ्या पातेल्यात, मीठ न घालता कांडून आणलेल्या काळ्या तिखटात आणि मोजून पाव चमचा मिठात शिजतात. त्या दिवशी ताटात शेंगा चटणी नसते, आणि त्यावरून त्यांची कुरबुर अजून चालूच आहे.